वाचकांचे प्रश्न : जाहिरातीतला सँडी आणि कादंबरीतली मुलगी

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली. अमेरिकेच्या वसाहतकाळात ज्यांना गुलाम म्हणून जगावे लागले, त्यांचे आयुष्य किशोरवयीन मुलांना ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांतून कसे सांगावे, असा त्या सर्वांचा प्रश्न आहे. म्हणून या वेळचे सदर त्या चार पत्रांसाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, आम्ही दहा वर्षे न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी आठवीत आहे. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील न्यूयॉर्कमध्ये गुलाम असलेल्या एका मुलीवरची कादंबरी तिच्या वर्गाला नेमली आहे. त्यातील मारहाणीचे प्रसंग वाचून ती दोन रात्री नीट झोपली नाही. "आई, हे खरंच झालं होतं, की ही नुसती गोष्ट आहे?" असे तिने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. शाळेला कळवून दुसरे पुस्तक मागून घ्यावे, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. काय करावे? — एक आई, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या मुलीने अगदी नेमका प्रश्न विचारला आहे आणि त्याचे उत्तर तुम्ही न कचरता देऊ शकता. ती मुलगी लेखकाने कल्पिलेली आहे. तिचे शहर, तिच्या मालकाच्या हाती चाबूक देणारे कायदे आणि तिच्यासारख्या असंख्य मुली मात्र खऱ्या होत्या.

अमेरिकेतील गुलामगिरी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिणेकडचे कापसाचे मळे येतात, न्यूयॉर्क येत नाही. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या मध्याला त्या शहरातील साधारण दर पाच माणसांत एक माणूस गुलामीत होता. वॉल स्ट्रीट जिथे ईस्ट नदीला मिळते, तिथे १७११ पासून माणसे विकण्याचा आणि त्यांना रोजावर कामाला देण्याचा बाजार नगरपालिकेच्या संमतीने भरत असे. तुम्ही ज्या राज्यात राहता, त्या न्यू जर्सीने तर गुलामगिरी क्रमाक्रमाने बंद करण्याचा कायदा उत्तरेकडील राज्यांत सर्वांत शेवटी, म्हणजे १८०४ साली केला.

१९९१ साली मॅनहॅटनच्या दक्षिण भागात एका सरकारी इमारतीसाठी खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुनी दफनभूमी लागली. वसाहतकाळातील आफ्रिकी लोकांची ती दफनभूमी होती. तेथून ४१९ जणांचे अवशेष बाहेर काढण्यात आले आणि त्यांत लहान मुलांची संख्या मन विषण्ण करणारी होती. ताकदीबाहेरची ओझी वर्षानुवर्षे उचलल्याच्या खुणा मोठ्यांच्या हाडांवर होत्या. एका स्त्रीच्या कमरेभोवती मात्र शंभराहून अधिक मण्यांची माळ सापडली. जिच्या अंगावरची प्रत्येक वस्तू कायद्याने दुसऱ्याच्या मालकीची होती, तिला शेवटचा निरोप देताना तिच्या माणसांनी ती माळ तिच्याबरोबर जाऊ दिली. २००३ साली हे सर्व अवशेष सन्मानाने पुन्हा तिथेच पुरले गेले आणि आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. पुस्तक वाचून झाले की मुलीला तिथे घेऊन जा. आधी नेऊ नका. कादंबरीतल्या मुलीची ओळख झाल्यानंतर त्या मण्यांकडे ती वेगळ्या नजरेने पाहील.

पुस्तक बदलून मागू नये, असे माझे मत आहे. वर्गातील इतर मुले ते वाचत असताना तिला एकटीला बाजूला बसवले, तर ही गोष्ट पाहण्यासारखी नाही, एवढेच ती शिकेल. मात्र तिची झोपही महत्त्वाची आहे. रात्री अंथरुणात हे पुस्तक वाचू नये, दुपारी किंवा संध्याकाळी वाचावे आणि तेही शक्य तर तुम्ही शेजारी बसून. एखादे पान नकोसे वाटले तर ते ओलांडून पुढे जाण्याची तिला पूर्ण मोकळीक आहे, हे तिला स्पष्ट सांगा. प्रकरण संपल्यावर "तिला काय काय सोसावं लागलं?" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर प्रत्येक वेळी तेच येणार आणि मुलीच्या मनात मारहाण तेवढी साठत जाणार. त्याऐवजी विचारा, "आजच्या प्रकरणात तिला असं काय ठाऊक होतं, जे मालकिणीला ठाऊक नव्हतं?" चांगल्या कादंबरीत या प्रश्नाला दर वेळी नवे उत्तर मिळते : तिला रस्ते माहीत असतात, कोणत्या घरातला कोण कुठे पाणी भरायला येतो हे माहीत असते, जेवणाच्या मेजामागे उभी असताना ऐकलेले युद्धाचे बेत तिला पाठ असतात.

आता याहून महत्त्वाचे. कादंबरीच्या शेजारी एक तरी खरा कागद ठेवा. मी स्वतः गेली अनेक वर्षे एकच कागद वापरते, तो येथे सांगते. सप्टेंबर १७६९ मध्ये, व्हर्जिनिया ही ब्रिटिशांची वसाहत असताना, तेथील 'व्हर्जिनिया गॅझेट' या वृत्तपत्रात एक जाहिरात आली. सँडी नावाचा गुलाम पळून गेला आहे. वय सुमारे ३५, बांधा ठेंगणा आणि काहीसा स्थूल, वर्ण उजळ. धंद्याने चांभार असून काम मुख्यतः डाव्या हाताने करतो. ओबडधोबड सुतारकामही करू शकतो आणि घोडेस्वारीत तरबेज आहे. दारू पितो, प्यायल्यावर उद्धटपणे वागतो, शिव्या देतो, लबाड आहे. जाताना एक पांढरा घोडा आणि जोडे शिवण्याची आपली हत्यारे घेऊन गेला आहे. त्याच परगण्यात पकडून दिल्यास ४० शिलिंग, वसाहतीत इतरत्र पकडल्यास ४ पौंड आणि दुसऱ्या वसाहतीत सापडल्यास १० पौंड बक्षीस. खाली सही आहे टॉमस जेफरसन यांची. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, हे वाक्य ज्यांनी सातच वर्षांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिले, तेच हे गृहस्थ.

ही जाहिरात मुलांसमोर ठेवली की मी त्यांना फक्त दोन कामे सांगते. जेवढी वाक्ये मालकाचा राग बोलून दाखवतात, ती एका रंगाने अधोरेखित करा आणि जेवढ्या वाक्यांत सँडी दिसतो, ती दुसऱ्या रंगाने. पाच-सात मिनिटे वर्गात शांतता असते आणि मग कुणीतरी हमखास म्हणते, "बाई, त्यानं हत्यारं बरोबर नेली!" तिथून सगळे उलगडत जाते. माणूस जीव मुठीत धरून नुसता धावत सुटलेला नव्हता. नव्या गावात पोट कशावर भरायचे, याचा विचार करून निघाला होता. दुसऱ्या वसाहतीसाठी बक्षीस एवढे मोठे का, तर तो तितका लांब जाईल आणि तिथे निभाव लावू शकेल, हे मालकालाही ठाऊक होते. पकडण्यासाठी लिहिलेल्या त्या मजकुरात लिहिणाऱ्याच्या मनात नसतानाही एका माणसाचे कौशल्य, त्याचा डावखुरेपणा आणि त्याचा निश्चय नोंदला गेला आहे. सँडी पकडला गेला. १७७३ साली जेफरसन यांनी त्याला १०० पौंडांना विकले. त्या चार वर्षांत त्याच्या मनात काय चालले असेल, हे कोणत्याही कागदावर नाही आणि कादंबरीचे काम नेमके तिथे सुरू होते. तुमच्या मुलीला हे समजले, तर "खरं की गोष्ट?" या तिच्या प्रश्नाचे पुरते उत्तर तिला मिळेल.

आणखी एक गोष्ट थोडी संकोचानेच लिहिते. तुमच्या मुलीच्या वर्गात कृष्णवर्णीय मुले असतील. त्यांच्याकडे वळून "तुला काय वाटतं?" असे विचारणे, म्हणजे सगळ्या इतिहासाची जबाबदारी एका तेरा वर्षांच्या पोरावर टाकणे, हे तिला समजावून सांगा. आणि घरात आपण मराठीत रंगावरून जे सहज बोलून जातो, नव्या बाळाचा, होणाऱ्या सुनेचा वर्ण ज्या शब्दांत मोजतो, ते शब्द हे पुस्तक वाचणारी मुलगी आता निराळ्या कानांनी ऐकणार आहे, याचीही जाणीव ठेवा.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. नववीच्या मुलांसाठी वाचनकट्टा चालवतो. या विषयावर मुलांच्या वयाला पेलेल असे मराठीत फारसे काही हाती लागत नाही, म्हणून स्वतःच एक दीर्घकथा लिहायला घेतली आहे. कल्पनेला कुठवर मोकळीक द्यावी? आणि पात्रांच्या तोंडी कोणती मराठी घालावी? — एक शिक्षक

उत्तर : लिहायला घेतलेत, याचा मनापासून आनंद झाला. कल्पनेविषयी माझा नियम साधा आहे : कागद जिथे गप्प आहे, तिथे कल्पनेने बोलावे, कागद जिथे बोलतो, तिथे त्याला खोटे पाडू नये. १७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून एक लहान मुलगी बॉस्टनच्या धक्क्यावर उतरवली गेली. तिचे वय कुणाला ठाऊक नव्हते. पुढचे दुधाचे दात पडलेले होते, त्यावरून सात-आठ वर्षे असावे असा अंदाज बांधला गेला. ज्या जहाजातून आणले त्याचे नाव 'फिलिस', म्हणून तिचेही नाव फिलिस ठेवले आणि विकत घेणाऱ्या व्हीटली कुटुंबाचे आडनाव तिला लागले. बारा वर्षांनी, १७७३ मध्ये, तिच्या कवितांचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. आईने ठेवलेले तिचे नाव काय होते, हे कुठेही नोंदलेले नाही. त्या नावाचा विचार ती रात्री करत असे, असे तुम्ही लिहू शकता. ते नाव तिने पुस्तकावर छापले, असे मात्र लिहू शकत नाही.

नवा लेखक ज्या खड्ड्यात हमखास पडतो, तो आहे 'दयाळू मालकाचा' खड्डा. व्हीटली घराण्याने फिलिसला लिहायला-वाचायला शिकवले हे खरे, आणि म्हणून मुलांना वाटते की मालक चांगला असला की सगळे ठीक चालत असावे. कथेत असा मालक जरूर येऊ द्या, कारण तशी माणसे होती. पण त्याच्या घराबाहेर कायदा उभा आहे, हे विसरू नका. व्हर्जिनियाने १६६२ साली ठरवले की मूल आईची स्थिती घेऊन जन्माला येईल. आई गुलाम असेल तर बाप कुणीही असो, मूल गुलाम. १६६९ साली त्याच वसाहतीने ठरवले की शिक्षा करताना गुलाम मेला, तर मालकावर खुनाचा गुन्हा होणार नाही. दक्षिण कॅरोलिनात १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी मोठा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे गुलामांना लिहायला शिकवणाऱ्यास १०० पौंड दंड सांगणारा कायदा आला. चांगल्या मालकाचे निधन झाले की दुसऱ्या दिवशी घरातील भांडीकुंडी, गुरे आणि माणसे यांची एकाच यादीत किंमत लावली जाई. ती यादी तुमच्या कथेत एकदा तरी येऊ द्या. त्या मालकाच्या दयेचे मोल मुलांना न सांगता कळेल.

आता भाषा. मराठी मुलांच्या कानाला 'गुलाम' हा शब्द फार हलका झालेला आहे. राजा, राणी, गुलाम अशा क्रमाने तो त्यांना प्रथम पत्त्यांत भेटतो आणि तिथे तो फक्त एका पानाचे नाव असतो. म्हणून लिहिताना "ती गुलाम होती" एवढ्यावर थांबू नये. "तिला गुलाम करून ठेवले होते", "तिला विकत घेतले होते", "त्यांच्या ताब्यातली माणसे" अशी रचना केली की वाक्यात करणारा दिसू लागतो आणि गुलामी हा त्या व्यक्तीचा गुणधर्म उरत नाही. प्रत्येक ओळीत हे जमणार नाही आणि अट्टहासाने केले तर वाचन अडखळेल. तुमच्या कानाला पटेल तिथे करा.

संवादांबाबत मी अधिक आग्रही आहे. आपल्याकडच्या जुन्या अनुवादांत मालक शुद्ध पुस्तकी मराठी बोलतो आणि गुलाम मोडकी, 'धनी, म्या काय बी केलं न्हाई' अशी बोली बोलतो. त्यात दोन अन्याय होतात : आपल्या ग्रामीण बोली अज्ञानाची खूण ठरतात आणि त्या माणसांचे खरे भाषाज्ञान झाकले जाते. पळालेल्यांच्या जाहिरातींतच दिसते की न्यूयॉर्क परिसरातील कितीतरी जण इंग्रजी आणि डच अशा दोन्ही भाषा बोलत. काहींना त्याशिवाय आपली मायबोली होतीच. मालकासमोर थोडेच बोलणारी आणि आपल्या माणसांत भरभरून, नेमके बोलणारी अशी तुमची नायिका असू द्या. सांगलीकडची बोली तुम्हाला वापरायची असेल, तर ती तिच्या सर्वांत शहाण्या, सर्वांत जिव्हाळ्याच्या संवादासाठी वापरा.

प्रश्न : आमच्या शाळेत इतिहास दिनानिमित्त मुलांकडून गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर करून घ्यावा, अशी सूचना आली आहे. मुलांना तो काळ 'अनुभवता' येईल, असे सहकाऱ्यांना वाटते. आपले मत कळवावे. — एक शिक्षिका, पुणे

उत्तर : कृपया करू नका. मी हे एकदा केले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका मुलाला बाकावर उभे केले आणि बाकीच्यांना बोली लावायला सांगितले. दोन-तीन बोलींतच वर्ग हसू लागला, कुणीतरी त्याच्या अंगकाठीवरून भाव पाडला, आणि तो मुलगा हसण्याचा प्रयत्न करत उभा राहिला. त्याचे ते हसू मला अजून आठवते. त्या तासात मुलांनी काही शिकले असेल, तर ते बोली लावण्यात मजा येते हे. ज्याचा भाव होत होता त्याच्या मनापर्यंत कुणीच पोहोचले नाही, कारण नाटकाचा सगळा जोर किमतीवर होता.

त्याऐवजी असे करता येईल. १७८३ साली अमेरिकी स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी न्यूयॉर्क सोडले. ब्रिटिशांविरुद्ध उठलेल्या अमेरिकी बंडखोरांच्या ताब्यातील जे गुलाम आपल्या बाजूला येतील त्यांना स्वातंत्र्य देऊ, असे युद्धाच्या काळात ब्रिटिशांनी जाहीर केले होते. तशी पहिली मोठी घोषणा व्हर्जिनियाचे गव्हर्नर लॉर्ड डनमोर यांनी नोव्हेंबर १७७५ मध्ये केली होती. त्या वचनावर विसंबून आलेले लोक जहाजांवर चढत असताना अधिकाऱ्यांनी एका नोंदवहीत सुमारे ३००० जणांची नावे, वये आणि एक-दोन शब्दांचे वर्णन लिहून ठेवले. बहुतेक जण आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियाकडे निघाले होते. मुलांना सांगा की त्या रांगेत उभ्या असलेल्या एका व्यक्तीविषयी एक पान लिहा : ती कुठून चालत आली, हातातील गाठोड्यात काय आहे, अधिकाऱ्याने वय विचारल्यावर ती काय सांगते आणि काय सांगत नाही. लेखन तृतीयपुरुषी असावे. "मी गुलाम आहे" असे लिहायला लावले की चौदा वर्षांचे मूल एक तर अतिरंजित रडगाणे लिहिते किंवा संकोचून काहीच लिहीत नाही. थोड्या अंतरावरून पाहायला सांगितले की ते नीट पाहते.

प्रश्न : हे सारे दूरच्या देशाचे. आपल्या मुलांनी दुसऱ्यांच्या इतिहासात इतके का शिरावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या शंकेत जी तळमळ आहे, ती मला समजते, कारण आपल्याकडच्या गुलामीविषयी आपण मुलांना फारच थोडे सांगतो. पेशवेकालीन कागदपत्रांत कुणबिणी, म्हणजे गुलाम करून ठेवलेल्या बायका, विकत घेतल्याच्या, दिल्या-घेतल्याच्या नोंदी आहेत. पोर्तुगीज गोव्यात मोझांबिककडून आणलेली आफ्रिकी माणसे घराघरांत राबत होती. त्यांच्यावरही कथा लिहिल्या गेल्या पाहिजेत आणि सांगलीच्या शिक्षकांनी पुढची कथा तिकडची लिहावी, असे मी सुचवीन. पण एक वाचले म्हणून दुसरे राहून जाते, असे मला वाटत नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, तेव्हा ते गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. शूद्रादी अतिशूद्रांविषयी लिहिताना त्यांना ते लोक परके वाटले नाहीत.

आणि तुम्ही तर नाशिकचे. शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता. हिंदी महासागरात ब्रिटिश नौदलाने पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरून सुटलेली ही मुले मुंबईमार्गे तिथे येत, अक्षरे आणि सुतारकाम-लोहारकाम शिकत. त्यांपैकीच एक जेकब वेनराइट. १८७३ साली आफ्रिकेत तिथले प्रसिद्ध ब्रिटिश प्रवासी-संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले, तेव्हा ज्या झाडाखाली त्यांचे हृदय पुरले, त्या झाडावर नाव आणि तारीख कोरणारा तोच. पार्थिव घेऊन समुद्रकिनाऱ्यापर्यंतच्या त्या लांब पायपिटीत तो होता, त्या प्रवासाची रोजनिशी त्याने लिहिली, आणि एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीच्या मानकऱ्यांत तो उभा होता. लिव्हिंग्स्टन यांच्या चरित्रांत त्याला जागा मिळते ती या शेवटच्या प्रवासापुरती. मुलांना शरणपूर रस्त्यावर घेऊन जा आणि गोष्ट त्याच्या आधीपासून सुरू करायला सांगा : जहाजावरून उतरलेला, घरची भाषा बोलणारे कुणी जवळ आहे का हे शोधणारा तो मुलगा नाशकात पहिल्यांदा आला, तो दिवस.